रोशनला दिलेलं आवतण

अलिबागला कोर्टाच्या मागच्या गल्लीत माझं ऑफिस आहे. पाटीवर माझ्या नावाखाली ‘बौद्धिक संपदा’ असे शब्द आहेत, आणि त्या दोन शब्दांपायी मी पुष्कळ काही ऐकलं आहे. एकदा एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. त्यांना वाटलं होतं, इथे स्पर्धा परीक्षेचा क्लास चालतो. जमिनीचे दावे चालवणारे माझे वकीलमित्र तर अजून विचारतात, तुमच्या धंद्यात सातबारा कुठला? मी सांगते, सातबारा नाही हेच तर दुखणं आहे. जमीन कुणी बळकावली तर कुंपण सरकलेलं दिसतं. नाव, नक्षी, चाल किंवा गाणं कुणी नेलं तर ते मूळ माणसाकडेही जसंच्या तसं राहतं. आपलं काही गेलंय हे त्याला बऱ्याच वेळा शेजाऱ्याकडून कळतं.

काम समजावून सांगायला मला माझे दोन पक्षकार पुरतात. एक श्रीवर्धनचे बागायतदार. त्यांना ‘श्रीवर्धनची सुपारी’ हे नाव स्वतःच्या नावावर करून हवं होतं. मी म्हटलं, काका, गावाचं नाव एकट्याचं होत नाही. सगळ्या बागायतदारांनी मिळून मागितलं तर सगळ्यांना मिळू शकतं. त्यांनी विचारलं, म्हणजे माझ्या शेजाऱ्यालाही? मी हो म्हटल्यावर त्यांनी छत्री उचलली. म्हणाले, मग राहू दे. दुसरी रेवदंड्याची एक बाई, सुक्या मासळीचा मसाला करून विकणारी. कृती कुणी चोरू नये म्हणून काय करावं, असं तिने विचारलं. कुणाला सांगू नका, मी म्हटलं. एवढं सांगायला वकील कशाला लागतो, असं ती म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं.

तर आमच्या धंद्यात राखणीच्या वाटा ढोबळमानाने तीनच. जे आपलं आहे ते आधी जाहीर करून नोंदवावं, सगळ्यांनी मिळून धरावं, नाहीतर लपवावं. इतकी वर्षं मी येणाऱ्याला यातली एक वाट दाखवून पाठवत आले. धर्मीबाय आल्या तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे दाखवायला वाट नव्हती.

धर्मीबाय धवलारीण आहेत. आमच्याकडे आगरी लग्नांत भटजी असतो तशी धवलारीण असते. हळदीपासून वरातीपर्यंतचा एकेक विधी ती गाण्याने लावते. त्या गाण्यांना धवले म्हणतात. ते लिहिलेले नसतात. सासूने सुनेला, मावशीने भाचीला कानावाटे दिलेले असतात. त्यात आवतण असतं. कुलदैवताला, गावदेवीला, समुद्राला आणि शेवटी त्या घरातल्या गेलेल्या माणसांना नावं घेऊन लग्नाला बोलवायचं. ती नावं अर्थात दर घरी वेगळी. धवलारीण ती आदल्या दिवशी घरातल्या बायांना विचारून घेते.

त्या आल्या तेव्हा बरोबर त्यांची सून सुरेखा होती. ती सासूच्या हाताखाली शिकते, मागे साथीला गाते. सासूबाईंच्या गाण्याचे तिने टाकलेले छोटे व्हिडिओ बघून लोक त्यांना लग्नाचं बोलावणं द्यायचे. सुरेखाने मोबाइल टेबलावर ठेवला आणि एक गाणं लावलं. खाली दणदणीत ठेका, वर म्हातारीचा खणखणीत गळा. मी धर्मीबायना म्हटलं, छान गायलात की.

“आवाज माजा हाय,” त्या म्हणाल्या. “पन यो मी गायलेला न्हाय.”

मला आधी कळेना. मग सुरेखाने सांगितलं. आदल्या वर्षी पोयनाडच्या बाजूला वनिता नावाच्या बाईंच्या मुलीचं लग्न झालं होतं. धवले धर्मीबायनी गायले होते. व्हिडिओवाल्याने आपल्या कामाचा नमुना म्हणून ते अख्खं चित्रण इंटरनेटवर टाकलं. तिथून कुणीतरी धर्मीबायचा गळा उचलला, मशीनला शिकवला आणि त्या गळ्यातून नवीन शब्द गाऊन घेतले. मांडवात नवरा आला, पोरी नाचल्या, असले. खरी अशी एकच ओळ ठेवली होती, आणि तीच गाण्याचं धृपद झाली होती. “ये रं रोशन, बयनीचे हलदीला ये.”

रोशन हा वनिताबाईंचा मुलगा. घरचा ट्रेलर चालवायचा. उरणच्या बंदरातून माल घेऊन जाताना अपघातात गेला. बहिणीचं लग्न ठरायच्या आधीची गोष्ट. धर्मीबायनी त्याला लहानपणापासून बघितलेला. आवतण देताना घरातली सगळी जुनी नावं त्यांनी सरळ घेतली, आणि या एका नावाशी त्यांचा आवाज फाटला. त्या फाटलेल्या आवाजावर आता पनवेलपासून मुरुडपर्यंत हळदीत पोरं नाचत होती.

हे त्यांना कळलं कसं, तर वनिताबाईंकडून. गावातच चार घरं सोडून एक हळद होती. वनिताबाई संध्याकाळी ओटीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मोठ्या स्पीकरमधून त्यांच्या मुलाला हाक ऐकू आली. परत परत ऐकू आली. त्या उठून धर्मीबायच्या घरी गेल्या आणि म्हणाल्या, तू माझ्या पोराला दुसऱ्याच्या घरी का बोलवतेस?

हे सांगताना धर्मीबाय माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांना हक्क, कायदा, भरपाई काही नको होतं. त्यांना ते थांबवून हवं होतं, लवकर. तुळशीची लग्नं तोंडावर आली होती. ती झाली की लग्नसराई सुरू होते आणि प्रत्येक डीजेकडे ते गाणं असणार हे दिसतच होतं.

मी पहिल्यांदा हिशेब मांडला तो गाण्याच्या मालकीचा. धवले कुणी रचले ते ठाऊक नाही, म्हणून कायद्याच्या नजरेने ते कुणाचेच नाहीत, म्हणजे सगळ्यांचे आहेत. ते कुणीही घ्यावेत. हे वाक्य मी वर्गात शिकले तेव्हा मला फार उदार वाटलं होतं. पण गाणाऱ्याचा म्हणून एक हक्क कायद्यात आहे. गाणं कुणाचंही असो, ते जिने गायलं तिला न विचारता त्याचा व्यापार करता येत नाही, आणि तिची बदनामी होईल असं ते मोडतोड करून वापरता येत नाही. मी तेवढाच धागा धरला आणि ज्या वेबसाइटवर गाणं होतं तिच्याकडे तक्रार पाठवली.

उत्तर यंत्राने लिहिलेलं आलं. तुम्ही या गाण्याचे मालक आहात का, असल्यास पुरावा जोडा. मी गाणाऱ्याचा हक्क समजावून परत लिहिलं. परत तेच उत्तर. त्या दिवसांत मी सकाळी डोळे उघडले की चहाच्या आधी मोबाइल बघायची. उत्तर नसायचं. त्या गाण्यावर नाचणाऱ्यांचे नवे व्हिडिओ मात्र रोज असायचे. एकात नवरीची आईच नाचत होती. तिचा काय दोष? तिला ते नुसतं गाणं होतं.

आणि मग उलटंच झालं. सुरेखाचा धापा टाकत फोन आला. तिने टाकलेला सासूबाईंचा, त्याच चालीतला एक जुना व्हिडिओ काढून टाकण्यात आला होता, दुसऱ्याच्या गाण्याची नक्कल केली म्हणून. या वेबसाइटवर गाण्यांशी गाणी ताडून बघणारी यंत्रणा असते. तिच्या दफ्तरी जो आधी गाणं नोंदवतो तो मालक. त्या गाणंवाल्याने नोंदवलं होतं, यांनी नव्हतं. तेव्हा धर्मीबायचा खरा आवाज ही धर्मीबायच्या खोट्या आवाजाची नक्कल ठरली. अशा आणखी तक्रारी झाल्या तर सुरेखाचं खातंच बंद होणार होतं.

सुरेखाने मला विचारलं, ताई, म्हणजे उद्या आम्ही लग्नात गायलो तरी चोर का? मी नाही म्हटलं. म्हणताना माझा आवाज मलाच पटला नाही.

पुरावा हवा होता. आवाज तपासणाऱ्या एका तज्ज्ञाला मी विचारलं. तो म्हणाला, बाईंकडून तीच ओळ शांत खोलीत पुन्हा गाऊन घ्या, मी दोन्ही ताडून लिहून देतो. सोपं काम होतं. मी मायक्रोफोनची सोय केली आणि धर्मीबायना बोलावलं. त्या आल्या, खुर्चीत बसल्या, मायक्रोफोनकडे बघितलं आणि नाही म्हणाल्या. मी समजावलं की एकच ओळ हवी आहे, ती कुणी ऐकणार नाही.

“मांडव न्हाय, हलद न्हाय,” त्या म्हणाल्या. “मी बोलावला तर तो येल. मंग त्याला काय सांगू? कागदासाठी बोलावलाय?”

माझा अशा गोष्टींवर विश्वास आहे की नाही, हे मला आजही धड सांगता यायचं नाही. पण मी मायक्रोफोनची वायर गुंडाळली.

मग दुसरा पुरावा उरला, लग्नाचं मूळ चित्रण. व्हिडिओवाल्याने घाबरून आपल्याकडचं सगळं काढून टाकलं होतं. एक प्रत वनिताबाईंच्या कपाटात पेनड्राइव्हमध्ये होती. लग्नानंतर त्यांनी ती लावली नव्हती. मी त्यांच्या घरी गेले. वनिताबाई मोजकं बोलतात. त्यांनी टीव्हीला पेनड्राइव्ह लावायला शेजारणीला सांगितलं, तिला बाहेर पाठवलं आणि आम्ही दोघी खाली चटईवर बसलो.

हळद आली. धर्मीबायचं आवतण सुरू झालं. गावदेवी, समुद्र, सासरे, चुलतसासरे. आणि रोशनचं नाव आलं तेव्हा व्हिडिओवाल्याने कॅमेरा गाणारीवरून काढून आईच्या तोंडावर नेला होता. वनिताबाई पदराचा बोळा तोंडात धरून उभ्या. कॅमेरा हललाच नाही. त्याच्या धंद्याच्या दृष्टीने तो नामी शॉट असणार.

वनिताबाई ते बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “हे पण लोकांनी बघितलं?”

मी मान हलवली. त्या उठून आत गेल्या. स्वयंपाकघरात नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला.

मी तिथे बसून विचार करत होते की हा तुकडा पुरावा म्हणून पाठवायचा म्हणजे तो पुन्हा इंटरनेटवरच चढवायचा. मागच्या खेपेला न विचारता गेला, या खेपेला मी वकील म्हणून माझ्या हाताने देणार. आणि जिथे देणार तिथे तो कोण बघेल, कुठल्या मशीनच्या पोटात जाईल, हे मला कुणी सांगणार नव्हतं. आयुष्यभर मी लोकांना सांगत आले की तुमचं जे आहे ते आधी नोंदवा, नमुना जोडा, तारीख घाला. इथे नमुना जोडणं हीच पुन्हा चोरी होती. मी पेनड्राइव्ह काढून वनिताबाईंच्या हातात परत दिला. तक्रारीची वाट सोडून माणसाला गाठायचं ठरवलं.

गाणं चढवणारा कोण ते व्हिडिओवाल्यानेच शोधून दिलं. पनवेलला लग्नाची गाणी आणि डीजेचे ट्रॅक बनवणारा निखिल. मी त्याला नोटीस धाडली आणि खाली लिहिलं, बोलून मिटवायचं असेल तर आम्ही यायला तयार आहोत. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला. आवाजावरून घाबरलेला वाटला.

आम्ही चौघी गेलो. वनिताबाई येतील असं मला वाटलं नव्हतं, पण त्या तयार होऊन रस्त्यावर उभ्या होत्या. गाडीत मी मनातल्या मनात सगळी कलमं घोकत होते. तो नाही म्हणाला तर कोर्ट, कोर्ट म्हणजे वर्षं, आणि तोवर लग्नसराई संपून दुसरी येईल.

निखिलची खोली एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. भिंतींना स्पंज, दोन मोठे स्पीकर, कोपऱ्यात गणपती. पोरगा पंचविशीतला असेल. आगरीच होता, हे त्याने स्वतःच सांगितलं. त्याने खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि मी तोंड उघडायच्या आतच सांगू लागला. त्याने काही लपवलं नाही. गावाकडची गाणी शहरातली पोरं विसरली, त्यांना ती ठेक्यावर दिली तर ऐकतात, असं त्याचं म्हणणं. जुनं टिकवतोय असंच त्याला वाटत होतं. धवल्याला कुणी मालक नसतो हे त्याने वाचलं होतं, आणि वाचलं ते बरोबरच होतं. ती ओळ का ठेवली, असं मी विचारलं. तो म्हणाला, मॅडम, ती मी निवडली नाही. सॉफ्टवेअरने वर काढली. अख्ख्या रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यात जास्त फील तिथेच होता.

मी कलम सांगायला सुरुवात केली तेवढ्यात धर्मीबायनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

“बाला,” त्या त्याला म्हणाल्या, “रोशन कोन, ठाव हाय तुना?”

तो गोंधळला. म्हणाला, गाण्यातलं नाव आहे ना, आजी. असतं तसं.

“माजा पोरगा,” वनिताबाई म्हणाल्या.

त्यांनी एवढंच सांगितलं. तो मेलाय हेही सांगितलं नाही. निखिल धर्मीबायकडे बघत राहिला, आणि त्या ओळीत काय आहे ते त्याला आमच्यासमोर कळत गेलं. त्याच्याही घरी आवतणं झालेली असणारच. तो कॉम्प्युटरकडे वळला. जिथे जिथे गाणं चढवलं होतं तिथून त्याने आमच्यादेखत काढलं. सुरेखावरची तक्रार मागे घेतली. धर्मीबायच्या गळ्याची मशीनला शिकवलेली नक्कल पुसली, आणि खरंच पुसली का, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून ठरवावं लागलं, कारण ते तपासायचं साधन माझ्याकडे नव्हतं.

मग तो म्हणाला, “मॅडम, माझ्याकडचं गेलं. पण लोकांनी उतरवून घेतलंय. ते आता माझ्या हातात नाही.”

मला ते माहीत होतं. वनिताबाईंना माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी काय सांगितलं ते मला आता नीट आठवत नाही. एकेक काढत राहू, असं काहीतरी.

परतताना वडखळच्या नाक्यावर चहाला थांबलो. तिथे धर्मीबायनी पहिल्यांदा बोळवणीचा विषय काढला. लग्न उरकलं की बोलावलेल्या सगळ्यांना गाण्यानेच निरोप द्यायचा असतो. देव आपल्या जागी जातात, गेलेली माणसं आपल्या. तोही धवला असतो. वनिताबाईंच्या घरी त्यांनी तो गायला होता. पण या नव्या गाण्यात हाक आहे, निरोप नाही. इतक्या मांडवांतून त्या पोराला बोलावलं आणि उभा ठेवला, असं त्या म्हणाल्या. त्यांचा चहा तसाच राहिला. इतके दिवस त्या काय घेऊन झोपत होत्या ते मला तिथे कळलं.

पुढच्या आठवड्यात त्या वनिताबाईंच्या घरी गेल्या. मलाही बोलावलं होतं. आत जाण्याआधी सुरेखाने आमचे सगळ्यांचे मोबाइल बंद करून माझ्या गाडीत ठेवले. दुपारची वेळ होती. वनिताबाईंनी ओटी सारवून ठेवली होती. धर्मीबाय पाटावर बसल्या, सुरेखा त्यांच्या मागे. त्यांनी रोशनची बोळवण केली, त्याच्या एकट्याची. ती कशी होती ते मी इथे लिहिणार नाही. या अंकाच्या संपादकांनी दोन ओळी तरी द्या असा आग्रह केला. त्यांचा मी मान ठेवते, पण देत नाही. एवढं सांगते की या खेपेला त्या नावाशी आवाज फाटला नाही, आणि वनिताबाई रडल्या त्या मोकळ्या रडल्या.

गाणी राखायचं काय, हा प्रश्न आहे तिथेच आहे. एका अभ्यासकांनी सुचवलं की धर्मीबायचे सगळे धवले ध्वनिमुद्रित करून संग्रहात ठेवा, नाहीतर ते त्यांच्याबरोबर जातील. बरोबर आहे. त्या सत्तरीच्या पुढे आहेत. ठेवले तर उद्या तिथून कोण उचलेल सांगता येत नाही, न ठेवावेत तर एकटी सुरेखा आहे आणि तिला अजून सगळे येत नाहीत. आम्ही तूर्त मधली वाट काढली आहे. हळदीची, दळणाची, नवरीच्या चेष्टेची गाणी मुद्रित करायची. आवतण आणि बोळवण फक्त तोंडी द्यायची. आता धर्मीबाय लग्न घेताना यजमानांना सांगतात की आवतणाच्या वेळी मांडवात मोबाइल चालणार नाही. काही लोक ऐकतात. काही लोक दुसरी धवलारीण बघतात. सुरेखा किती शिकली ते मी दर भेटीत विचारते, आणि आपण फार विचारतो हे मला कळतं.

लग्नसराईत मी बसून त्या गाण्याच्या प्रती इंटरनेटवरून काढून टाकायला लावत होते. एक काढावी तर दुसऱ्या नावाने दुसरी दिसायची. अशाच एका संध्याकाळी वनिताबाईंचा फोन आला. त्यांच्या मागे ठेका वाजत होता. गावातच कुठेतरी हळद होती. धृपद आलं, आणि ते नाव मला फोनमधूनही स्वच्छ ऐकू आलं.

“ऐकू येतंय, वकीलबाई?”

मी हो म्हटलं आणि घाईघाईने सांगायला लागले की यजमानांचं नाव द्या, मी आत्ता फोन करते, डीजे कोण आहे ते बघते. त्यांनी मला थांबवलं.

“र्‍हाऊ दे,” त्या म्हणाल्या. “बोलवू दे किती बोलवतात ते. तो आता येनार न्हाय.”

मागे धृपद पुन्हा आलं. मग त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, हळू, मला उद्देशून नव्हे, आणि फोन ठेवला.